यंत्र आले म्हणजे कोयता सुटला, हे कोणी ठरवले?

सीनाकाठ (धागाकर्ता)

ऊसतोडणी यंत्रावर गेल्या आठवड्यात येथे एक टिपण आले होते. त्याचा सारांश असा : २०२५ चे अर्थशास्त्राचे नोबेल जोएल मोकिर, फिलिप आगियों आणि पीटर हॉविट यांना नवशोधांवर चालणाऱ्या आर्थिक वाढीच्या मांडणीसाठी मिळाले, त्यामुळे जुने मोडून नवे उभे राहणे हाच प्रगतीचा मार्ग असल्यावर शिक्कामोर्तब झाले, तेव्हा बीडच्या ऊसतोड मजुरांचा कळवळा आता पुरे, सरकारने यंत्रांना सढळ हाताने अनुदान द्यावे आणि मजुरांनी नवी कौशल्ये शिकावीत. टिपणकर्त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु त्यातला आत्मविश्वास वाचून डोके फिरले, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ऊस तोडणारे यंत्र हा काही आजचा शोध नव्हे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात १९७० चे दशक संपेपर्यंत जवळजवळ सगळा ऊस यंत्राने तोडला जाऊ लागला होता. आपल्याकडे प्रवरेचा कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यानंतर राज्यभर कारखाने उभे राहिले, गाळपक्षमता वाढली, आसवन्या आल्या, सहवीजनिर्मिती आली, इथेनॉल आले. म्हणजे कारखान्याच्या फाटकाच्या आत दर पिढीला तंत्रज्ञान बदलत गेले. फाटकाबाहेरच्या फडात मात्र कोयता होता तो कोयताच राहिला. याचे कारण अडाणीपणा नव्हे, हिशोब आहे. दुष्काळी पट्ट्यातली जोडपी पावसाळ्यातल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, पाच-सहा महिने राबायला मिळत असताना कोटभर रुपयांचे यंत्र घेणारा माणूस वेड्यात निघाला असता. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ झाली, ती टनाला २७३ वरून ३६६ रुपये. एक जोडपे दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. पहाटेपासून दोन जीव राबल्यावर साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये पदरात पडतात, आणि त्याला आपण ‘वाढ’ म्हणतो.

आता यंत्र येते आहे ते कोयते (एक कोयता म्हणजे तोडणीचे एक जोडपे) कमी पडू लागल्यामुळे. त्यालाही माझी हरकत नाही. परंतु २०२३ च्या योजनेत ९०० यंत्रांना किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान ठरले. एक यंत्र पन्नास-साठ कोयत्यांचे काम करते असे धरले, तर फडातून हटणाऱ्या प्रत्येक जोडप्यामागे सरकार साठ-सत्तर हजार रुपये मोजते आणि त्यातला एक छदामही त्या जोडप्याच्या हातात पडत नाही. नोबेलचा आधार घ्यायचाच असेल तर अर्धवट घेऊ नये. आगियों स्वतः डेन्मार्कचे उदाहरण देऊन सांगत आले आहेत की नोकरी जाऊ द्या, पण नोकरी गेलेल्या माणसाला उत्पन्न आणि प्रशिक्षण द्या. आपण त्यातले पहिले वाक्य उचलले आणि दुसरे सोयीस्करपणे गाळले.

वारणेचा ऊस

आपला लेख विद्वत्तापूर्ण आहे, पण त्यात ऊस पिकवणारा माणूस कोठेही नाही. माझा आडसाली ऊस सोळा महिन्यांचा होऊन तुरा आला तरी तोड मिळत नाही, आणि तुरा आलेल्या उसाचे वजन रोज घटत असते. टोळी आलीच, तर कारखान्याच्या दराव्यतिरिक्त एकराला काही हजार रुपये ‘खुशाली’ द्यावी लागते. त्यावर सरपण, शेवटच्या दिवशीचे जेवण आणि चिठ्ठी काढणाऱ्याची वेगळी मनधरणी. खुशाली नाकारली तर ऊस बुडख्यापासून न तोडता वीतभर वर तोडतात, आणि त्याच बुडख्यातून फुटणाऱ्या खोडव्याचे नुकसान आम्ही सोसतो. साखर बुडख्यातच जास्त असते, हे आपल्याला सांगायला नको. ही रक्कम कोणत्याही कराराच्या कागदावर नसते, म्हणून ती आपल्या हिशोबातही नाही.

यंत्राला खुशाली लागत नाही. मला एवढेच कळते.

पाटोदेकर मास्तर

वारणाकाठच्या बंधूंना नम्रपणे विचारतो की खुशाली घेणाऱ्या टोळीतील बाई रात्री कोठे झोपते, हे त्यांनी कधी पाहिले आहे काय? माझी आई माझ्या पाठच्या बहिणीच्या वेळी सातव्या महिन्यापर्यंत मोळ्या वाहत होती. एक मोळी डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रकवर चढायचे, उतरायचे, पुन्हा दुसरी मोळी. एका दिवसाचा खाडा झाला तर मजुरी बुडायचीच, वर दंडही कापला जायचा. बीड जिल्ह्यात २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली, ती काही हौसेने काढलेली नव्हती.

म्हणून मी धागाकर्त्यांशीही सहमत नाही. आपल्या लिखाणात कोयत्याविषयी एक हळवेपणा डोकावतो, तो आम्हाला नको आहे. यंत्र उद्या येणार असेल तर ते आज रात्रीच यावे, असे म्हणणारा मी ऊसतोड्याचा मुलगा आहे. माझ्या शाळेतील निम्मी मुले दिवाळीनंतर दिसत नाहीत. हजेरीपटावर ती असतात आणि आई-बापासोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, राहून धाकटी भावंडे सांभाळत असतात. हे टिकवून ठेवायला यंत्राला विरोध करायचा की काय?

सीनाकाठ

मास्तर, मी यंत्राला विरोध केलेला नाही, ‘त्यालाही माझी हरकत नाही’ हे वाक्य लेखात आहे. हळवेपणाचा आरोप मान्य नाही. मी हिशोब मांडला आहे, आणि तो कोणी खोडलेला नाही.

गुणाकार

मग मी खोडून पाहतो.

धागाकर्त्यांचे पहिले विधान बरोबर आहे, आणि ते त्यांचे स्वतःचे नाही. मजुरी महाग झाली की मजुरी वाचवणारे तंत्र येते, हा विचार जुना आहे. औद्योगिक क्रांती ब्रिटनमध्येच का झाली, याचे उत्तर आर्थिक इतिहासकार रॉबर्ट अॅलन यांनी याच धर्तीवर दिले आहे : तेथे मजूर महाग होता आणि कोळसा स्वस्त होता, म्हणून सूतकताईचे जे यंत्र लँकेशायरमध्ये फायद्याचे ठरले ते त्याच काळात भारतात तोट्यात गेले असते. मोकिर यांचा भर वेगळा आहे. ‘का चालते’ हे सांगणारे ज्ञान आणि ‘कसे करावे’ हे सांगणारे ज्ञान यांची सांगड बसल्याशिवाय शोधांची साखळी टिकत नाही, असे ते म्हणतात. या दोघांत मतभेद आहेत, आणि नोबेल मिळाल्याने ते मिटत नाहीत.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे आहे. अमेरिकेने मेक्सिकन शेतमजुरांना तात्पुरते आणण्याची ‘ब्रासेरो’ योजना १९६४ च्या अखेरीस बंद केली. मजूर गेल्यावर स्थानिकांची मजुरी वाढेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियात प्रक्रियेसाठीच्या टोमॅटोची तोडणी पाच-सहा वर्षांत जवळजवळ पूर्णपणे यंत्रावर गेली. ते यंत्र डेव्हिस येथील विद्यापीठात आधीच तयार होत होते, आणि त्यासाठी कडक सालीचा, एकाच वेळी पिकणारा टोमॅटोही तेथेच पैदास केलेला होता. म्हणजे शोध कपाटात होता, मजुरीने कपाट उघडले.

तेव्हा अनुदान देऊन कपाट थोडे लवकर उघडले, तर त्यात पाप कोणते? मास्तर सांगतात ते काम संपलेलेच बरे असेल, तर ते दहा वर्षे आधी संपवण्यासाठी सरकारने पैसे मोजणे हे मला तरी अनाठायी वाटत नाही. संक्रमणाचा काळ मात्र दुःखाचा असतो, हे मान्य आहे. ब्रिटनमध्ये १८४० पर्यंतच्या कित्येक दशकांत दरडोई उत्पादन वाढत होते आणि कामगारांची खरी मजुरी जवळजवळ जागची हलली नव्हती. तेव्हा ‘नंतर सगळ्यांचे भले झाले’ असे म्हणणाऱ्यांनी त्या मधल्या दोन पिढ्यांचे काय, याचे उत्तर द्यावेच लागेल.

सांगलीचा वाहतूकदार

आपण सर्व जण मजूर आणि शेतकरी यांच्याविषयी बोलत आहात. या साखळीत मधे एक ट्रॅक्टरवाला असतो, त्याची दखल कोणीही घेतलेली नाही.

मी कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो. कारखान्याच्या हमीवर कर्ज माझ्या नावावर निघते आणि त्यातून मी जून-जुलैमध्ये मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला उचल देतो. मुकादम मला वीस कोयत्यांची यादी, आधारकार्डांच्या झेरॉक्स आणि नोटरीचा कागद देतो. दसऱ्यानंतर गाडी घेऊन गावी गेलो तर निम्मे कोयते दुसऱ्याच टोळीत गेलेले असतात, उरलेल्या नावांची माणसे गावातच नसतात आणि मुकादमाचा फोन बंद असतो. त्या हंगामात माझ्या डोक्यावर तेरा लाखांचे कर्ज राहिले. पोलिसांत गेलो तर हा दिवाणी व्यवहार आहे असे सांगण्यात आले. घरातले दागिने गेले, पुढच्या वर्षी ट्रॅक्टरही गेला. आमच्या भागात असे झालेले वाहतूकदार एक-दोन नाहीत, गावागणिक आहेत. बीडच्या मजुरांसाठी सगळे महाराष्ट्र रडतो. बीडच्या मुकादमांनी आम्हाला बुडवले, तेव्हा कोण रडले?

पाटोदेकर मास्तर

‘बीडचे मुकादम’ हे शब्द आपण जपून वापरावेत. फसवणारा मुकादम माणूस असतो, जिल्हा नसतो. उचल फेडली नाही म्हणून मजुरांना डांबून ठेवल्याच्या, त्यांची लेकरे अडकवून ठेवल्याच्या तक्रारी दरवर्षी कोणत्या जिल्ह्यांतून येतात, तेही मग येथे लिहावे लागेल. माझ्या चुलत्याला दोन हंगाम ‘मागची बाकी’ म्हणून फुकट राबवले गेले. हिशोबाची वही मुकादमाकडे होती आणि चुलत्याला वाचता येत नव्हते.

सांगलीचा वाहतूकदार

म्हणजे माझे तेरा लाख बुडाले ते आपल्या चुलत्यावरील अन्यायाची भरपाई समजायचे का? मी कोणालाही डांबलेले नाही. आपण गुरुजी आहात, म्हणून शब्द आवरतो.

वारणेचा ऊस

वाहतूकदार दादांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. मात्र त्यांनी हेही सांगावे की बुडालेली उचल भरून काढण्यासाठी शेतकऱ्याकडून ‘ड्रायव्हरची एंट्री’ कोण घेते.

सांगलीचा वाहतूकदार

प्रत्येक खेपेला शे-दोनशे रुपये ड्रायव्हर घेतो, मालक घेत नाही. आपण तरी हे जाणता.

वारणेचा ऊस

जाणतो. म्हणूनच विचारले. ड्रायव्हरला पगार कमी द्यायचा आणि उरलेला शेतकऱ्याकडून वसूल करू द्यायचा, ही पद्धत कोणाच्या सोयीची आहे?

गुणाकार

हे भांडण विषयाला सोडून चालले आहे असे मला वाटत होते, पण नीट पाहिल्यास मूळ विषय येथेच सापडला आहे. धागाकर्ते ३६६ रुपये टन हा मजुरीचा भाव समजून चालले आहेत. फडातला खरा भाव मात्र ३६६, अधिक मुकादमाचे कमिशन, अधिक बुडणाऱ्या उचलीची जोखीम, अधिक त्या कर्जाचे व्याज, अधिक खुशाली आणि एंट्री असा आहे. यातला मोठा भाग मजुराच्या हातात जात नाही, परंतु देणाऱ्याच्या खिशातून तो जातोच. वाहतूकदार यंत्र घेण्याचा विचार करतो तो मजुरी वाढली म्हणून नव्हे, तर उचल बुडते म्हणून. तेव्हा ‘मजूर स्वस्त, म्हणून यंत्र आले नाही’ हे सरळसोट कारण टिकत नाही.

सीनाकाठ

गुणाकार यांचे आभार. माझे विधान खोडता खोडता त्यांनी ते माझ्यापेक्षा अधिक धारदार करून दिले. मजुरी महाग होती आणि मजूर स्वस्त होता, असे आता म्हणू. मधली रक्कम ज्या हातांत जिरते ते सगळे हात कराराबाहेर आहेत, एवढे मान्य करून मी माझा ३६६ चा हिशोब अपुरा असल्याची नोंद घेतो. प्रश्न मात्र जागेवरच आहे : त्या जोडप्याला काय मिळाले?

बंडाबर्गवासी

मी मूळचा कोपरगावचा, आता क्वीन्सलँडमध्ये ऊसपट्ट्याच्या दक्षिण भागात राहतो. धाग्यात क्वीन्सलँडचे नाव आले म्हणून थोडे लिहितो. येथील ऊसशेती १८६३ पासून पॅसिफिक बेटांवरून आणलेल्या मजुरांवर उभी राहिली. चार दशकांत सुमारे ६२ हजार करार झाले, आणि त्यांतील कित्येक फसवून किंवा पळवून आणलेल्यांचे होते. १९०१ च्या कायद्याने ही भरती थांबवली आणि १९०६ नंतर बहुतेकांना परत धाडले, ते दयेपोटी नव्हे, तर देश गोऱ्यांचाच राहावा म्हणून. त्याच सुमारास गोऱ्या मजुरांनी तोडलेल्या उसाला सरकारने जादा पैसे दिले. संघटित मजुरांची मजुरी चढी राहिली, तरीही यंत्र लगेच आले नाही. आडवा पडलेला, हिरवा, वेडावाकडा ऊस उचलणारे यंत्र जमायला अर्धे शतक गेले. ऊस तोडताना त्याचे तुकडे करणारी यंत्रे १९५० च्या अखेरीपासून रुळू लागली आणि याच बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंच्या कारखान्यातून ती जगभर गेली. तेव्हा मजुरी महाग झाली की यंत्र कपाटातून उडी मारून बाहेर येते, हे टोमॅटोबाबत खरे असेल, उसाबाबत नाही.

वारणेचा ऊस

परदेशात राहून आमच्या फडावर बोलणे सोपे असते. तरी माहिती चांगली आहे.

हार्वेस्टरवाला, श्रीगोंदा

इतके लोक यंत्रावर बोलत आहेत आणि यंत्र चालवणारा कोणी नाही, म्हणून मध्येच बोलतो.

पन्नास-साठ कोयत्यांचे काम हा विक्रेत्याच्या माहितीपत्रकातला आकडा आहे. तो सलग दहा एकरांच्या, साडेचार-पाच फूट सरीच्या, उभ्या उसाच्या प्लॉटमध्ये खरा ठरतो. माझ्या वाट्याला येतात ते वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे, तीन फुटांची जुनी सरी, बांधावर विजेचा खांब आणि को ८६०३२ या वाणाचा लोळलेला ऊस. यंत्राचा वेळ तोडण्यात कमी आणि वळवण्यात जास्त जातो. दिवाळीत पाऊस झाला तर आठवडाभर यंत्र उभे, बँकेचा हप्ता मात्र चालू. त्यावर यंत्राच्या उसात पाचट येते म्हणून वजनातून साडेचार टक्के कपात धरली जाते. ती शेतकऱ्याला सोसत नाही आणि तो मला फडात शिरू देत नाही. शिवाय यंत्र उसाची कांडी करते. अख्खी मोळी दोन दिवस निभावून जाते, कांडी मात्र काही तासांत आंबायला लागते. कारखान्याच्या यार्डात गाडी दीड दिवस रांगेत उभी राहिली तर साखरेचा उतारा घटल्याचा ठपका माझ्यावर येतो. यंत्र मी आणले, यार्ड कोणी बदलले? ज्या अनुदानावर आपण साऱ्यांनी ताशेरे ओढले, ते माझ्या खात्यात यंत्र घेतल्यानंतर किती महिन्यांनी आले हे सांगितले तर आपण मला मजुरांच्याच यादीत टाकाल.

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. हाताने तोडताना वाढे, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, वेगळे निघते. टोळीतल्या बाया त्याच्या पेंड्या बांधून गावात विकतात, आणि रोजचे मीठ-मिरची त्यावर चालते. गावातल्या गायीम्हशीही तीन-चार महिने त्या वाढ्यावर निभावतात. यंत्र वाढ्याचा भुगा करून शेतात उडवते. गेल्या हंगामात माझ्या यंत्रापुढे आडवे उभे राहिले ते मजूर नव्हते. ज्यांच्या गोठ्यातली वैरण बंद झाली होती, ते गावकरी होते.

गुणाकार

हे अत्यंत मोलाचे आहे. कारखानदारीत विजेची मोटर आली तेव्हाही असेच झाले होते. वाफेच्या इंजिनाने फिरणाऱ्या एका मोठ्या दांड्याभोवती रचलेल्या जुन्या इमारतीत मोटर बसवून फारसे काही साधले नाही. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देऊन अख्खा कारखाना नव्याने मांडला तेव्हा उत्पादकता वाढली, आणि त्याला दोन-तीन दशके लागली. येथे सरी, वाण, यार्ड, वजनकाटा आणि वैरण हे सगळे कोयत्याभोवती रचलेले आहे. अनुदान फक्त यंत्राला आहे.

पाटोदेकर मास्तर

वाढ्याचे हार्वेस्टरवाल्या भाऊंनी बरे लिहिले. ते पैसे आईच्या हातात येणारे एकमेव पैसे होते. उचल बापाच्या नावावर असायची आणि हिशोब मुकादमाच्या वहीत.

तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे. टनामागे १० रुपये गोळा करून ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ काढले आहे. जेवढ्या तत्परतेने यंत्राचा अर्ज ऑनलाइन भरून घेतला जातो, तेवढ्या तत्परतेने मजुराचे ओळखपत्रही निघावे. ज्याची नोंदच नाही त्याला यंत्राने हटवले, हे सिद्ध तरी कसे करणार?

सीनाकाठ

मास्तरांचा हा मुद्दा माझ्या लेखात असायला हवा होता, आणि त्यांनी तो माझ्याशी असहमत असल्याचे सांगून मांडला याची मौज वाटते. गुणाकार यांनी दिलेल्या टोमॅटोच्या गोष्टीचा उत्तरार्ध त्यांनी सांगितला नाही, तो मी सांगतो. १९७९ साली कॅलिफोर्नियातील शेतमजुरांच्या बाजूने विद्यापीठावर खटला दाखल झाला. जनतेच्या पैशातून संशोधन करून मूठभर बड्या बागायतदारांचा फायदा आणि हजारो मजुरांचे नुकसान करण्याचा अधिकार विद्यापीठाला कोणी दिला, असा त्यातला प्रश्न होता. खटल्याने टोमॅटोचे यंत्र थांबले नाही. पण प्रश्न विचारला गेला, आणि तो विचारायला यंत्र आल्यानंतर चौदा-पंधरा वर्षे गेली होती. आपल्याकडे यंत्रे आत्ता येत आहेत. अनुदानाच्या आदेशातच अट घाला की ज्या कारखान्याच्या क्षेत्रात यंत्र चालेल, तेथील हटलेल्या टोळ्यांची नोंद कारखान्याने द्यावी आणि त्यांना चालक, यांत्रिक किंवा रोपवाटिकेच्या कामाचे प्रशिक्षण पगारासह द्यावे.

गुणाकार

अट घालायला हरकत नाही. मात्र ती यंत्रमालकावर नको, कारखान्यावर घाला. नाहीतर यंत्रेच येणार नाहीत, आणि मास्तरांच्या वर्गातील निम्मी मुले पुढच्या दिवाळीनंतरही कोपीवरच असतील.

सांगलीचा वाहतूकदार

कारखान्यावर घातलेली प्रत्येक अट शेवटी वाहतूकदाराच्या करारात उतरते, हे वीस वर्षे पाहिले आहे. तरी घाला. त्याच आदेशात माझ्या तेरा लाखांची एक ओळ बसत असेल तर पाहा.

हार्वेस्टरवाला, श्रीगोंदा

माझ्या यंत्रावर दोन चालक लागतात आणि दोन्ही मला परप्रांतातून आणावे लागले. मास्तर, आपल्या गावात ट्रॅक्टर चालवणारी, थोडे हायड्रॉलिक समजून घेण्याची तयारी असलेली मुले असतील तर सांगा. पगार बँकेत देईन, उचल देणार नाही.

पाटोदेकर मास्तर

मुले आहेत. कराराचा कागद आधी मला पाठवा. वाचून मगच सांगतो.